मास्तर आणि कचेरी

१

स्वाहिली भाषेत मास्तराला ‘म्वालिमू’ म्हणतात. शब्द मूळचा अरबी. आपल्याकडे ‘इल्म’ आणि ‘तालीम’ हे शब्द ज्या धातूपासून आले, त्याच धातूचा हा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रुजलेला कोंभ. टांझानिया देशात मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. तिथे नुसते ‘म्वालिमू’ म्हटले, की ‘कुठल्या शाळेतले?’ असे कोणी विचारीत नाही. ज्यूलियस न्येरेरे! जवळजवळ २४ वर्षे त्या देशाचा कारभार या गृहस्थांच्या विचाराने चालला. ते पंतप्रधान झाले, राष्ट्राध्यक्ष झाले, साऱ्या आफ्रिकेचे वडीलधारे झाले; परंतु लोकांच्या तोंडी त्यांचे नाव अखेरपर्यंत एकच राहिले. म्वालिमू. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘गुरुजी’.

मी स्वतः शाळामास्तर असल्यामुळे असेल, पण या माणसाच्या चरित्राने मला फार दिवस गुंतवून ठेवले आहे. फळ्यापुढे उभे राहून आयुष्य काढणाऱ्या प्रत्येकाच्या मनात केव्हातरी एक वेडा विचार येऊन जातो: चाळीस पोरांऐवजी हा सारा गाव, हा सारा देश आपल्या वर्गात बसला असता, तर आपण त्याला काय शिकवले असते? न्येरेरे यांना ती संधी मिळाली. त्यांनी देशाला शिकवायला घेतलेल्या धड्याचे नाव होते ‘उजामा’. हाही शब्द अरबी कुळातला, आपल्या ‘जमात’ आणि ‘जमाव’ यांचा चुलतभाऊ. त्याचा अर्थ कुटुंबभाव. एका घरातली माणसे जशी मिळून राबतात आणि वाटून खातात, तसा सारा देश राबावा आणि खावा, हा त्यांचा समाजवाद.

धडा चांगला होता, मास्तर प्रामाणिक होता. मग तो फसला का? या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरे आहेत. एक पक्ष म्हणतो, समाजवादच मुळात खोटा. दुसरा म्हणतो, साम्राज्यशाहीने देश इतका पिळून ठेवला होता, की तिथे काहीच उगवणे शक्य नव्हते. दोन्ही उत्तरांत तथ्य नाही असे नाही. पण मला वाटते, खरी गोष्ट या दोहोंच्या मधे कुठेतरी आहे. परके राज्यकर्ते जाताना रेल्वे ठेवून जातात, पिके ठेवून जातात, नकाशावरच्या रेघा ठेवून जातात, हे आपण नेहमी वाचतो. त्यांनी मागे ठेवलेली सर्वांत चिवट वस्तू मात्र दिसत नाही. ती म्हणजे कचेरी. आणि कचेरीच्या मनात भिनलेला एक समज, की शेतकऱ्याला त्याचे हित कळत नसते, ते आपल्याला कळते. हीच कचेरी न्येरेरे यांना वारशात मिळाली. पुढची कथा तिची आहे.

२

टांझानियाचा मुख्य भूभाग म्हणजे पूर्वीचा टांगानिका. १८८४ साली कार्ल पीटर्स नावाचा एक जर्मन तरुण थोड्या सोबत्यांसह झांझिबारहून आत शिरला, गावोगावच्या मुखियांकडून न वाचता येणाऱ्या कागदांवर खुणा करून घेऊन परतला, आणि पुढल्याच वर्षी बिस्मार्कने त्या कागदांना राजमान्यता दिली. असे हे राज्य जन्मले.

राज्य म्हटले की उत्पन्न हवे. १८९३ साली रिखार्ड हिंडोर्फ नावाच्या जर्मन शेतीतज्ज्ञाने अमेरिकेतल्या फ्लॉरिडाहून सिसलची रोपे मागवली. सिसल म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताचीच एक जात. तिच्या पानांतून वाख निघतो आणि वाखाचे दोर वळतात. वाटेत बहुतेक रोपे मेली, जेमतेम ६२ जगली. त्या ६२ रोपांच्या वंशातून पुढे टांगानिका हा जगातला सर्वांत मोठा सिसल पिकवणारा देश झाला. दोर मात्र युरोपात वळले जात. दार-ए-सलामहून टांगानिका सरोवरापर्यंतची रेल्वे १९१४ साली पुरी झाली. तिचा नकाशा पाहिला म्हणजे सारा अर्थशास्त्राचा धडा एका रेघेत कळतो. ती रेल्वे आतला माल समुद्रावर नेण्यासाठी होती. गावाला गाव जोडावे हा तिचा हेतू नव्हता.

पण मला ज्या गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे, ती कापसाची. १९०२ साली जर्मन सरकारने आग्नेय भागात एक योजना काढली. प्रत्येक मुखियाच्या हद्दीत कापसाचे एक सामुदायिक शेत असावे, गावातल्या प्रौढांनी वर्षातले ठरावीक दिवस त्यावर राबावे, आणि विक्रीचे पैसे राबणारे, मुखिया आणि विक्रीची व्यवस्था पाहणारे सरकारी मंडळ यांत वाटले जावेत. कागदावर योजना किती गोंडस दिसते! प्रत्यक्षात शेतकऱ्याच्या हातावर पडलेली रक्कम इतकी क्षुल्लक होती, की काही ठिकाणी लोकांनी ती घेण्याचेच नाकारले. शिवाय ज्या दिवसांत स्वतःच्या शेताची राखण करायची, त्याच दिवसांत सरकारचा कापूस वेचायला जावे लागे. घरचे धान्य रानडुकरांनी खाल्ले तर त्याचा हिशेब कुठल्याही वहीत नव्हता.

१९०५ सालच्या जुलैअखेर माटुंबी टेकड्यांतल्या नांडेटे गावी लोक शेतात गेले आणि त्यांनी कापसाची झाडे उपटून टाकली. माजी-माजीच्या बंडाची ही सुरुवात. ‘माजी’ म्हणजे पाणी. किंजिकिटिले नावाच्या एका देवऋषाने मंतरलेले पाणी वाटले होते. ते अंगावर शिंपडले की जर्मन गोळीचे पाणी होईल, अशी श्रद्धा होती. गोळीचे पाणी झाले नाही. किंजिकिटिलेला बंडाच्या सुरुवातीलाच फाशी दिले गेले. पुढे दोन वर्षे जर्मन फौजांनी पिके आणि कोठारे जाळली, आणि गोळीने मेले त्यांहून कितीतरी अधिक लोक भुकेने मेले. सरकारी आकडा ७५ हजारांचा होता; पुढच्या इतिहासकारांचा अदमास अडीच ते तीन लाखांचा आहे.

त्या मातीतले पहिले ‘सामुदायिक शेत’ सरकारने काढले होते, आणि त्याचा शेवट असा झाला होता, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. आपल्याला पुढे याची आठवण लागणार आहे.

पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला आणि राष्ट्रसंघाने टांगानिका इंग्रजांच्या हवाली केला. इंग्रजांनी कारभाराचा नमुना आणायला लांब जावे लागले नाही. झांझिबारच्या ब्रिटिश कोर्टाची अपिले एके काळी मुंबई हायकोर्टात चालत. जर्मनांच्या अमलातही त्या किनाऱ्यावर चलन रुपयाचेच होते. १९२० साली इंग्रजांनी हिंदुस्थानातले कितीतरी कायदे, पीनल कोडसुद्धा, टांगानिकाला लागू केले. कचेरीतल्या मधल्या खुर्च्यांवर गोव्याचे आणि गुजरातचे कारकून बसले. खेड्यातल्या पेठेत गुजराती व्यापाऱ्याचे ‘दुका’ उघडले. आजही स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, विम्याला ‘बिमा’ आणि लाखाला ‘लाकी’ म्हणतात. आणि सरकारला? ‘सेरिकाली’! तो शब्द ऐकला की आपल्याच तालुक्याच्या कचेरीचा व्हरांडा डोळ्यांपुढे उभा राहतो. मी या दूरच्या देशाची गोष्ट परकी समजत नाही, त्याचे एक कारण हेही आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या सेरिकालीला विकासाचा ध्यास लागला. ब्रिटनमध्ये खाद्यतेलाचा तुटवडा होता. तिथले मजूर पक्षाचे सरकार समाजवादी; अन्नमंत्री जॉन स्ट्रेची तर समाजवादावर ग्रंथ लिहिलेले. त्यांनी ठरवले, टांगानिकात ३० लाखांहून अधिक एकर भुईमूग पेरायचा. कोंग्वाच्या माळावर युद्धातून उरलेले बुलडोझर आले, रणगाड्यांचे ट्रॅक्टर करून आणले गेले. त्या माळावरचे गोगो लोक पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखीत आले होते. तिथे पावसाचा भरवसा नाही, आणि उन्हाळ्यात ती जमीन विटेसारखी भाजून निघते, हे त्यांना ठाऊक होते. जमीन घट्ट झाली तेव्हा जमिनीतला भुईमूग उपटता येईना. १९५१ च्या जानेवारीत योजना गुंडाळली गेली आणि ३ कोटी ६० लाख पौंड बुडीत खाती पडले.

भुईमूग निदान सरकारच्या पैशाने बुडाला. उलुगुरु डोंगरातल्या लोकांना मात्र स्वतःच्या घामाने बुडावे लागले. मोरोगोरो शहरामागचे हे डोंगर. पावसाने माती वाहून जाते, तेव्हा उतारांवर पायऱ्यापायऱ्यांच्या ताली घातल्या पाहिजेत, असे शेतीखात्याने ठरवले आणि प्रत्येकाला खणण्याची सक्ती केली. न खणणाराला दंड. पण त्या डोंगरावर कसदार माती वीतभरच. ताली खणताना खालची मेलेली माती वर आली आणि वरची जिवंत माती गाडली गेली. जिथे ताली झाल्या तिथेच पीक खुरटले! १९५५ च्या जुलैमध्ये माटोंबो गावी दंगल उसळली, पोलिसांच्या गोळीने एक माणूस मेला, आणि सक्ती मागे घ्यावी लागली.

साहेबाचा हेतू वाईट नव्हता. माती खरोखरच वाहून जात होती. चुकले ते एवढेच, की डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना काय माहीत आहे, ते कोणी विचारले नाही.

३

याच १९५५ साली दार-ए-सलामजवळच्या पुगू येथील मिशनच्या शाळेत एका तेहतीस वर्षांच्या मास्तराला सांगण्यात आले, की शिकवणे किंवा राजकारण, दोहोंपैकी एक निवडा.

न्येरेरे यांचा जन्म १९२२ चा, व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या बुटिआमा गावचा. वडील झानाकी नावाच्या छोट्या जमातीचे मुखिया. मुलगा बाराव्या वर्षी शाळेत गेला आणि मग थांबलाच नाही: टाबोरा, युगांडातले मकेरेरे कॉलेज, तिथून एडिंबरोचे विद्यापीठ. १९५२ मध्ये एम. ए. होऊन परतल्यावर तो मास्तर झाला. ७ जुलै १९५४ रोजी ‘टानू’ हा पक्ष निघाला, न्येरेरे त्याचे अध्यक्ष; आणि पुढल्या वर्षी त्यांनी शाळा सोडली. ज्या खेड्यांत तालींच्या, गुरे कमी करण्याच्या आणि दंडाच्या सक्तीविरुद्ध राग धुमसत होता, तिथे टानूचे सभासद भराभर वाढले. म्हणजे शेतकऱ्यांना स्वातंत्र्याचा पहिला अर्थ कळला तो असा: यापुढे कोणी आपल्याला दंडाच्या धाकाने खणायला लावणार नाही.

९ डिसेंबर १९६१ रोजी रक्त न सांडता टांगानिका स्वतंत्र झाला. हाती आले ते काय? न्येरेरे पुढे सांगत असत, की इंग्रजांनी ४३ वर्षे राज्य केले आणि जाताना मागे ठेवले ते दोन इंजिनियर आणि बारा डॉक्टर; शंभरातली पंच्याऐंशी प्रौढ माणसे निरक्षर. शंभराहून अधिक जमाती, एक समुद्राकडे पाहणारी रेल्वे, आणि घायपाताचा भाव लंडनमध्ये ठरेल त्यावर चालणारा खजिना. त्यातच नायलॉनचा जमाना आला. कृत्रिम धाग्यांनी वाखाचा भाव पाडला. ज्या ट्रॅक्टरला १९६५ साली सतरा-सव्वासतरा टन सिसल विकावे लागे, त्यालाच सात वर्षांनी दुपटीहून अधिक विकावे लागत होते, हा हिशेब न्येरेरे परदेशातल्या सभांतून फळ्यावर मांडावा तसा मांडून दाखवीत.

परंतु हाती आलेली कचेरी शाबूत होती. प्रांताच्या आणि जिल्ह्याच्या कमिशनरांच्या जागी पक्षाने नेमलेले कमिशनर आले. खुर्ची तीच राहिली, आणि खुर्चीपुढे उभे राहणाराची पाठही तशीच वाकलेली राहिली. १९६२ सालीच विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा झाला. फौजही जुनीच होती, वर इंग्रज अधिकारी. १९६४ च्या जानेवारीत ती पगारासाठी आणि बढतीसाठी उठली, तेव्हा स्वतंत्र देशाच्या राष्ट्राध्यक्षांना आपल्याच शिपायांविरुद्ध इंग्रजांचे सैनिक बोलावण्याची नामुष्की पत्करावी लागली. त्याच महिन्यात झांझिबारमध्ये रक्तरंजित क्रांती झाली, आणि एप्रिलमध्ये टांगानिका व झांझिबार मिळून टांझानिया जन्मला. १९६५ पासून कायद्याने एकच पक्ष उरला.

न्येरेरे यांना समाजवादाकडे नेणारा एक प्रसंग मला मास्तर म्हणून फार बोलका वाटतो. १९६६ च्या ऑक्टोबरात दार-ए-सलामचे विद्यार्थी मोर्चा घेऊन निघाले. शिक्षणानंतर सक्तीची राष्ट्रसेवा आणि त्या काळात कमी पगार, हे त्यांना मान्य नव्हते. एका फलकावर लिहिले होते, की याहून परक्यांचे राज्य बरे होते. न्येरेरे यांनी ते वाचले आणि ते संतापले. सुमारे चारशे विद्यार्थ्यांना त्यांनी घरी पाठवले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. या पोरांना पगाराची चटक कुणी लावली? आपणच! असे म्हणून त्यांनी तिथल्या तिथे स्वतःचा पगार वीस टक्क्यांनी कापला. वर्गाला शिक्षा करताना स्वतःच्याही हातावर छडी मारून घेणारा असा मास्तर मी दुसरा वाचलेला नाही.

चार महिन्यांनी, ५ फेब्रुवारी १९६७ रोजी, ‘आरूशा जाहीरनामा’ प्रसिद्ध झाला. पैसा हे विकासाचे मूळ नव्हे, कष्ट हे मूळ आहे, असे त्यात म्हटले होते. नेत्याने दोन पगार घेऊ नयेत, कंपन्यांचे भाग बाळगू नयेत, घरे भाड्याने देऊ नयेत, असे नियम घातले. दुसऱ्याच दिवशी बँका राष्ट्राच्या झाल्या. अर्थमंत्री होते अमीर जमाल, म्वांझा येथे जन्मलेले भारतीय वंशाचे गृहस्थ. पुढे १९७१ साली भाड्याच्या मोठ्या इमारती सरकारने घेतल्या. त्या बहुतेक भारतीय वंशाच्या लोकांच्या होत्या, आणि कित्येक कुटुंबांनी तीन पिढ्यांचा देश सोडला. कायद्यात वंशाचा शब्द नव्हता. पण परक्या राज्याने ज्या समाजात कातडीच्या रंगावरून व्यापारी, कारकून आणि मजूर अशी उतरंड रचलेली असते, तिथे भांडवलावर घातलेला घाव एकाच जमातीच्या पाठीवर उमटतो.

४

आरूशानंतरच्या ‘उजामा’चा गाभा मात्र शहरात नव्हता, तो खेड्यात होता. टांगानिकातले शेतकरी बहुधा विखुरलेल्या वस्त्यांत राहत. त्यांनी एकत्र येऊन गाव वसवावे, काही शेत सामाईक कसावे, म्हणजे शाळा, विहीर, दवाखाना देता येईल. न्येरेरे यांनी वारंवार लिहिले, की अशी गावे हुकमाने होत नाहीत; माणसाला विकसित करता येत नाही, तो स्वतःच विकसित होतो.

हे शक्य होते याचा दाखला देशाच्या दक्षिण टोकाला होता. रुवुमा भागात सोंगेआजवळ लिटोवा नावाचे गाव काही तरुणांनी जाहीरनाम्याच्या किती तरी आधी वसवले होते. त्याच्याभोवती आणखी गावे जमली आणि त्यांची मिळून संस्था झाली. निर्णय सभेत बसून होत, कामाची वाटणी सभेत होई, स्वतःची शाळा होती, पिठाची गिरणी होती. न्येरेरे यांनी त्यांचे कौतुक केले. त्यांचा पुष्कळसा विचार याच अनुभवावर पोसला होता. पण जी माणसे आपला निर्णय आपण घेतात, ती वरून आलेला निर्णय निमूटपणे घेत नाहीत. भागातल्या अधिकाऱ्यांना ते खुपू लागले. १९६९ च्या सप्टेंबरात पक्षाच्या मध्यवर्ती समितीने संस्था बरखास्त केली, आणि गावांचा ताबा पक्षाने घेतला. म्वालिमूंनी ते होऊ दिले. देशातला सर्वांत हुशार विद्यार्थी वर्गाबाहेर काढला गेला, तो त्याचे उत्तर चुकले म्हणून नव्हे. त्याने ते न विचारता दिले होते.

मग उरले कचेरीचे गाव. कमिशनरांना वरून आकडे हवे होते, किती गावे झाली याचे. १९७१ च्या नाताळच्या दिवशी इरिंगा भागातल्या इस्मानी येथे कमिशनर डॉ. विल्बर्ट क्लेरू हे सईदी म्वाम्विंदी या मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या शेतावर गेले. शेत सामुदायिक करण्यावरून बोलाचाली झाली, आणि शेतकऱ्याने त्यांना गोळी घातली. प्रेत घेऊन तो स्वतःच पोलिसांकडे गेला. त्याला फाशी झाली. एका बाजूला विद्वान, ध्येयवादी अधिकारी. दुसऱ्या बाजूला स्वतःच्या हाताने रान मोडून जमीन केलेला माणूस. कोणाच्या बाजूने अश्रू ढाळावे?

१९७३ च्या नोव्हेंबरात न्येरेरे यांनी जाहीर केले, की १९७६ अखेरपर्यंत साऱ्या ग्रामीण जनतेने गावांत राहिलेच पाहिजे. ‘मर्जी’ गेली, ‘मुदत’ आली. त्यानंतर जे घडले त्याला सरकारी भाषेतही ‘ऑपरेशन’ म्हणत. ट्रक आले, शिपाई आले. जी कुटुंबे निघेनात त्यांची छपरे उतरवली गेली, काहींची घरे जाळली गेली. नवी गावे पुष्कळदा रस्त्याकडेला सरळ रेघेत आखली गेली, कारण रेघ मोटारीतून पाहणाऱ्या साहेबाला दिसते. शेत किती कोस दूर पडले हे त्याला दिसत नाही. निदान ५० लाख माणसे या तीन वर्षांत हलवली गेली असावीत. १९७७ साली सरकारने सांगितले, की ७,००० हून अधिक गावांत एक कोटी तीस लाख लोक राहत आहेत.

सामुदायिक शेतावर लोक हजेरीपुरते राबत आणि उरलेला जीव घरच्या तुकड्यात ओतत, जसे त्यांच्या आज्यांनी कापसाच्या शेतात केले होते. त्यातच दुष्काळ पडला, तेलाचे भाव भडकले, आणि १९७४ मध्ये परदेशातून धान्य आणावे लागले. १९७६ साली शेतकऱ्यांचे सहकारी संघही मोडण्यात आले. किलिमांजारोच्या कॉफी पिकवणाऱ्यांनी १९३३ पासून आणि सरोवराकाठच्या कापूसवाल्यांनी स्वातंत्र्यापूर्वी हे संघ उभे केले होते. सहकाराची साखर चाखलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला त्या संघांतले घोटाळे आणि गटबाजी नवी वाटणार नाही. ते दोष खरेच होते. पण त्यांच्या जागी जी सरकारी पीकमंडळे आली, त्यांना शेतकरी निवडणुकीत पाडूही शकत नव्हता. पैसे उशिरा मिळत, भाव कमी मिळे. जर्मन काळात विक्रीची व्यवस्था पाहणारे मंडळ असे, त्याचीच ही नातवंडे.

५

इतके लिहून झाल्यावर ‘समाजवाद फसला’ असे म्हणून लेखणी खाली ठेवणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही.

कारण त्याच सरकारने प्रौढांच्या हाती पाटी दिली. सत्तरीच्या दशकात गावोगाव रात्रीचे वर्ग चालले, आणि प्राथमिक शाळा जवळजवळ प्रत्येक मुलापर्यंत पोचली. स्वाहिली ही जर्मनांनी कारभाराच्या सोयीसाठी वापरलेली भाषा. न्येरेरे यांनी तिला राष्ट्राची भाषा केले. स्वतः राज्य चालवताना त्यांनी शेक्सपिअरची दोन नाटके स्वाहिलीत आणली. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चे नाव त्यांनी ‘व्हेनिसचे भांडवलदार’ अशा अर्थाचे ठेवले, हे वाचून मास्तर मिश्कीलही होता असे वाटते. शेजारच्या रुआंडात जमातीने जमात कापली. टांझानियाच्या मुख्य भूमीवर तसे घडले नाही. वारसा वाईटच असतो असे नाही. हातात आलेली भाषा त्यांनी लोकांकडे वळवली, म्हणून ती लोकांची झाली. कचेरी मात्र त्यांना वळवता आली नाही, आणि तिने त्यांनाच वळवले.

न्येरेरे यांना हे कळले होते. १९७७ साली, जाहीरनाम्याला दहा वर्षे झाल्यावर, त्यांनी स्वतः लिहून कबूल केले, की आपला देश समाजवादीही झालेला नाही आणि स्वावलंबीही नाही. पुढे त्यांनी असेही सांगितले, की स्थानिक लोकमंडळे आणि सहकारी संघ मोडले, या दोन गोष्टी आपण पुन्हा केल्या नसत्या. दोन्ही गोष्टी एकच आहेत, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. जिथे शेतकरी उलट बोलू शकत होता, त्या जागाच त्यांनी बंद केल्या होत्या. १९८५ मध्ये ते आपणहून खुर्चीवरून उठले, तेव्हा खजिना रिकामा होता. पुढल्याच वर्षी नव्या सरकारने नाणेनिधीशी करार केला. ज्यांच्या अटी म्वालिमूंनी धुडकावल्या होत्या, तेच आता धडा सांगू लागले. आणि त्यांनीही शेतकऱ्याला काही विचारले नाही. १४ ऑक्टोबर १९९९ रोजी न्येरेरे लंडनमध्ये वारले आणि बुटिआमाला त्यांच्या गावी मातीत विसावले.

शेवटी एक घरची गोष्ट सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका खेड्यातल्या शाळेत होतो. वरून फर्मान आले, शाळेच्या आवारात शंभर रोपे लावा. मी उत्साही होतो. दोरी धरून रेघा आखल्या, पोरांकडून खड्डे खणून घेतले, जे आळस करतील त्यांना छडी दाखवली. शंभर रोपांची नोंद वहीत झाली, तपासनीस खूश होऊन गेले. उन्हाळ्यापर्यंत दहा-बारा रोपे उरली. मी पोरांच्या बेफिकिरीवर एक मोठे व्याख्यान दिले. पाच-सहा वर्षांनी त्यातला एक मुलगा बाजारात भेटला. बोलता बोलता म्हणाला, “गुरुजी, तितं खाली समदा मुरूम हाय. झाड लागत न्हाई, हे आमास्नी ठावं हुतं.” मी म्हटले, “मग बोलला का नाहीस रे?” तो हसला. “तुमी इचारलं कुटं?”

न्येरेरे यांच्या हाती नेहमी एक आखूड काळी काठी असे; त्यांच्या कितीतरी छायाचित्रांत ती दिसते. ती पाहिली की मला माझी छडी आठवते, आणि तो बाजारातला मुलगाही. त्या मास्तराने आपल्या देशावर जीव लावला होता, याबद्दल मला शंका नाही. मीही त्या रोपांवर लावला होता.